गाड्या, पक्षी आणि जुने वाडे: आपले आवडते फोटो लोकांना कसे दाखवायचे

परवा भाच्याचा फोन आला, मामा तुझ्याकडे गाड्यांचे, पक्ष्यांचे, किल्ल्यांचे एवढे फोटो आहेत, मी पण आता कॅमेरा घेतलाय, तर हे फोटो शेअर करताना काय बघायचं ते सांग ना. तासभर बोललो त्याच्याशी, तेच इथे जरा नीट लिहून काढतोय. हे तिन्ही नाद एकत्र असलेली माणसं मला बरीच भेटलीत, आणि ते साहजिकच आहे, कर्जतच्या पुढे घाटात गाडीची वाट बघत बसलं की समोरच्या झाडावर काहीतरी येऊन बसतंच आणि परतताना कुठल्यातरी गावात पडका दिंडी दरवाजा दिसतो. पण तिन्ही फोटो एकाच पद्धतीने टाकून चालत नाही, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. गाडीच्या आणि वाड्याच्या फोटोखाली जेवढी माहिती द्याल तेवढी कमीच, आणि पक्ष्याच्या, प्राण्याच्या फोटोखाली काही गोष्टी मुद्दाम लिहायच्या नसतात.

आधी निवड, ते पटकन सांगतो. ट्रिपवरून आल्याआल्या त्याच रात्री काही टाकू नका. थकलेले असता, उत्साहात असता, सगळंच भारी वाटतं. आठवडाभर फोटो तसेच राहू देत आणि मग बघा, सहाशेतले आठ-दहा आपोआप वर येतात. एकाच खंड्याचे एकाच फांदीवरचे पाच फोटो टाकायचे नाहीत, एकच टाका. पण गोष्ट सांगायची असेल तर तीन-चार लागतातच, म्हणजे भोर घाटात चढ ३७ ला १ आहे (३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर) म्हणून कर्जतला गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावतात, तर तिथे पुढचं इंजिन, मागून ढकलणारे बँकर आणि वळणावर दिसणारी अख्खी गाडी असे तीन फोटो एकत्र टाकले की घाट म्हणजे काय ते बघणाऱ्याला कळतं.

आता गाड्या. फोटोखाली नुसतं "माझी आवडती ट्रेन" लिहू नका हो. गाडीचा नंबर आणि नाव, इंजिनाचा क्लास आणि त्याच्यावर रंगवलेला नंबर, शेड (म्हणजे इंजिन ज्या डेपोचं आहे तो), कुठल्या दोन स्टेशनांच्या मधे, गाडी कुठून कुठे चालली होती, तारीख आणि साधारण वेळ, एवढं लिहा. आज हे उगाच वाटतं पण रेल्वे फार पटकन बदलते. मुंबईत मध्य रेल्वे कित्येक वर्षं १५०० व्होल्ट डीसी विजेवर चालायची, २०१६ पर्यंत सगळं २५ केव्ही एसी विजेवर गेलं आणि फक्त डीसीवर चालणारी इंजिनं बघताबघता निघून गेली. मी कल्याणला रोज ती बघत होतो, फोटोही काढले, पण इंजिन नंबर आणि तारीख लिहिलेले त्यातले मोजकेच आहेत, बाकीच्यांवर कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं होतं म्हणून तारीखसुद्धा भलतीच आहे. म्हणून सांगतो, कॅमेऱ्याचं घड्याळ आधी लावा, बॅटरी बऱ्याच दिवसांनी टाकली असेल तर पुन्हा बघा. डेक्कन क्वीनचंच घ्या, १ जून १९३० ला सुरू झालेली गाडी, २०२२ च्या जूनमधे तिला एलएचबी म्हणजे नव्या बनावटीचे डबे लागले आणि रंगही बदलला, आता जुन्या डब्यांचा तारखेसकट असलेला फोटो कोणी टाकला की त्याखाली लोक आपापल्या प्रवासाच्या आठवणी लिहायला लागतात.

एक गोष्ट कळकळीने सांगायचीय. रुळावर उतरून काढलेला, दारात लटकून काढलेला फोटो कितीही चांगला आला तरी शेअर करू नका, आणि मुळात तसा काढू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ मधे असं हद्दीत घुसण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, पण मला कायद्यापेक्षा काळजी वाटते ती बघून तसंच करणाऱ्या पोरांची. पादचारी पूल, प्लॅटफॉर्मचं टोक (पिवळ्या पट्टीच्या आत), फाटकाबाहेरचा रस्ता, एवढ्यात हवे तेवढे फोटो मिळतात. रात्री येणाऱ्या इंजिनावर फ्लॅश मारायचा नाही, लोको पायलटच्या डोळ्यावर येतो. कोणी हटकलं तर वाद न घालता स्टेशन मास्तरांना जाऊन विचारायचं, काय काढतोय ते दाखवायचं, माझा अनुभव असा की नीट विचारलं की बरेचदा हो म्हणतात.

पक्षी आणि प्राणी इथे मात्र उलटं. काही वर्षांपूर्वी एका गावाबाहेरच्या वडाच्या ढोलीत पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडाची, जोडी होती, पिल्लं होती, मी आनंदाने फोटो टाकला आणि खाली गावाचं नाव, देवळाचं नाव, वड कुठल्या बाजूला ते सगळं लिहिलं. पुढच्या रविवारी तिथे सात-आठ गाड्या उभ्या होत्या, कोणी ढोलीवर काठी आपटत होतं कारण पिंगळा बाहेर तोंड काढत नव्हता. पिल्लांचं काय झालं ते मला कळलं नाही, जोडी मात्र नंतर तिथे दिसली नाही. तेव्हापासून माझा नियम ठरलाय, घरटं, ढोली, पिल्लं, यांचा फोटो विणीचा हंगाम पूर्ण संपल्याशिवाय टाकायचा नाही, आणि टाकला तरी ठिकाण फक्त तालुका किंवा जिल्हा. टिटवीसारख्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत तर अंड्यांचा फोटो काढायला जवळसुद्धा जाऊ नका, आपण केलेली पायवाट कुत्र्यांना आणि मुंगसांना उपयोगी पडते. भीमाशंकरचं शेकरू किंवा हिवाळ्यात भिगवणला येणारे रोहित (फ्लेमिंगो), ही ठिकाणं सगळ्यांना माहीत आहेत, तिथे नाव लिहायला हरकत नाही. पण जंगलात वाघ दिसला तर तो तिथे असेपर्यंत फोटो टाकायचा नाही, दोन-चार दिवसांनी टाका, त्याने फोटो शिळा होत नाही.

आता तुम्ही म्हणाल मग ठिकाण लिहायचंच नाही का. लिहायचं, अगदी अचूक लिहायचं, पण आपल्या वहीत आणि मूळ फाईलमधे. हे का महत्त्वाचं आहे त्याची गोष्ट आपल्याच खानदेशातली आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर कोणाला खात्रीने सापडलंच नव्हतं, शंभराहून जास्त वर्षं. मधे एक नमुना होता, म्हणजे संग्रहासाठी जपून ठेवलेला मेलेला पक्षी, मायनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तो १९१४ ला गुजरातेत मिळवला असं त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलेलं, आणि त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून लोक तिकडे शोधत राहिले. नंतर पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा कळलं की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच आहे आणि त्यावरची जागा-तारीख खोटी आहे. मग त्यांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा शोधायला घेतल्या आणि नोव्हेंबर १९९७ मधे शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला! मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी माझे सगळे जुने फोल्डर उघडून बसलो होतो, कारण दोन पक्ष्यांच्या फोटोंना मी अंदाजाने ठिकाण लिहून ठेवलं होतं. ते काढून टाकलं. माहीत नसेल तर रिकामं सोडा, अंदाज लिहू नका.

तर नोंद करायला आयनॅचरलिस्ट ही पक्षी-प्राण्यांच्या नोंदींची वेबसाइट चांगली आहे, तिथे धोक्यात असलेल्या प्रजातींचं नेमकं ठिकाण आपोआप झाकलं जातं, आणि बाकीच्यांसाठी पण ठिकाण झाकायचा पर्याय आपल्याला निवडता येतो. पक्षी ओळखता आला नाही तर तसं सरळ लिहा, सांगणारे भेटतात. प्राणिसंग्रहालयातला प्राणी असेल, रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून बोलावलेला पक्षी असेल, खाणं टाकून जवळ आणलेला असेल तर तेही लिहा, (खरं तर आवाज वाजवणं आणि खाणं टाकणं बंदच करा, विणीच्या काळात नर पक्षी खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे दिवसभर फिरत राहतो). आणि नाव मराठीत लिहा हो, हरियाल, तांबट, धनेश, नीलपंख, ही नावं वाचूनच पोरांच्या तोंडात बसतात.

मोबाईलमधल्या लोकेशनचं एक लक्षात ठेवा कारण बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाईलमधे अक्षांश-रेखांश जातात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ते निघून जातं पण फोटोची क्वालिटीही कमी होते, आणि क्वालिटी टिकवायला डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाईल जशीच्या तशी जाते, लोकेशनसकट. म्हणजे वाडा किंवा गाडी असेल तर डॉक्युमेंट म्हणून बिनधास्त पाठवा, उलट चांगलंच, पण घुबडाचा फोटो तसा पाठवलात तर वडाचं झाडच पाठवलंत. आयफोनमधे शेअर करताना वर ऑप्शन्स दिसतं तिथे लोकेशन बंद करता येतं, लाईटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधून एक्स्पोर्ट करताना पण लोकेशन काढायची सोय आहे. मूळ फाईल मात्र लोकेशनसकट जपून ठेवा, दोन वेगळ्या ठिकाणी.

इंटरनेटवर टाकायला लांब बाजू २०४८ पिक्सेल, फाईल जेपेग, रंगांची सेटिंग एसआरजीबी, एवढं पुरतं. कोपऱ्यात छोटं नाव टाका, मधोमध मोठा वॉटरमार्क नको, त्याने फोटोच दिसत नाही.

आणि वाडे, देवळं, किल्ले, स्टेशनं. इथे माझा जीव जास्त अडकलाय म्हणून जरा सविस्तर. बहुतेक जण समोरून एक फोटो काढतात आणि निघतात. तसं नको. समोरून सरळ एक, आजूबाजूच्या घरांसकट रस्त्यावरून एक, मग आत परवानगी मिळाली तर चौक, ओसरी, आणि मग बारीक गोष्टी, म्हणजे सुरूचे खांब, महिरप, केळफूल, कोनाडे, तुळईवरचं कोरीवकाम, दिंडी दरवाजाची कडी. माझ्या आजोळी शेजारचा वाडा पाडला तेव्हा त्या घरच्यांनी गावभर विचारलं की कोणाकडे आतले फोटो आहेत का, माझ्याकडे तीन निघाले, तिन्ही रस्त्यावरून काढलेले. आतली देवघराची भिंत, जिच्यावर चित्रं होती, तिचा एकही फोटो कोणाकडे नाही. मी त्या ओसरीवर लहानपणी पत्ते खेळलोय, आणि तरीही नाही.

इमारत वाकडी दिसत असेल तर मोबाईलच्या स्नॅपसीड अॅपमधे पर्स्पेक्टिव्ह आहे, खांब उभे करून घ्या, पण रंग भडक करू नका, काळ्या दगडाला निळा करून टाकतात लोक, त्याने दगड कुठला ते कळत नाही. लेण्यांमधे चित्रं असतील तिथे फ्लॅश नाही म्हणजे नाही, आणि पुरातत्त्व खात्याच्या जागी ट्रायपॉड आणि ड्रोनला वेगळी परवानगी लागते. इमारतीचा फोटो काढून प्रसिद्ध करायला कॉपीराइटची अडचण नसते, १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मधे तशी सूट आहे, पण राहत्या घराच्या आत गेलात तर घरच्यांना विचारूनच टाका. देव्हारा, दागिने, बायकामाणसं, कपाटं फोटोत येतात, कोणाकोणाला ते नको असतं.

माहिती लिहिताना जुनं नाव पण द्या. सीएसएमटीचं बघा, फ्रेडरिक स्टीव्हन्सने आखलेली इमारत, १८८८ ला बांधून झाली, आधी व्हिक्टोरिया टर्मिनस, १९९६ ला छत्रपती शिवाजी टर्मिनस, २०१७ ला त्यात महाराज आलं, २००४ पासून जागतिक वारसा. शोधणारा यातलं कुठलंही नाव टाकून शोधेल. आणि समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, तर दोन्ही एका फोटोत आल्या तर तेही लिहा. किल्ल्यावर गेलात तर नुसतं "राजगड" नको, कुठली माची, कुठला दरवाजा, तोंड कुठल्या दिशेला ते लिहा. २०२५ ला आपले अकरा किल्ले आणि तामिळनाडूतला जिंजी जागतिक वारसा यादीत गेलेत, लोक खूप फोटो काढतायत आता, पण खांदेरी, साल्हेर यांचे नीट नावं लिहिलेले फोटो रायगडाच्या मानाने मला तरी कमीच दिसतात, तिकडे जाणाऱ्यांनी हे काम जरूर करा.

असे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे सगळ्यांना वापरता येणाऱ्या फोटोंच्या साठ्यावर, टाका असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. तिथे टाकलेला फोटो मराठी विकिपीडियावर वापरता येतो, फोटोखाली मराठीत मथळा देता येतो, आणि सप्टेंबरमधे विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स ही स्पर्धा असते. फक्त लायसन्स समजून घ्या, सीसी बाय एसए म्हणजे कोणीही, पैसे कमावण्यासाठीसुद्धा, तुमचं नाव देऊन तो फोटो वापरू शकतो, आणि एकदा दिलेलं लायसन्स मागे घेता येत नाही. ते नको असेल तर तिथे टाकू नका, फ्लिकर या फोटोंच्या साइटवर सगळे हक्क राखून ठेवता येतात. दुसऱ्याने काढलेला फोटो, वर्तमानपत्रातला, व्हॉट्सअॅपवर आलेला, तो आपल्या नावाने कुठेच नाही.

शेवटचं राहिलं, प्रिंट. ज्यांच्या वाड्यात गेलात, ज्या गेटमनने सावलीत बसवलं, ज्या गाईडने पक्षी दाखवला, त्यांना ८ बाय १२ ची प्रिंट नेऊन द्या किंवा पोस्टाने पाठवा. मागे नाव, गाव, तारीख लिहा, कडेला आणि मऊ पेन्सिलने, बॉलपेन दाबलं की पुढून उमटतं.