प्रेस शॉपमध्ये बोटं वाचवायची तर मालकाने काय करावं

भोसरी, चाकण किंवा वाळूजच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात, अपघात म्हटलं की बोटांवर बेततं, आणि चौकशीतलं वाक्यही ठरलेलं असतं, ‘कामगाराचं लक्ष नव्हतं.’ दिवसभर तोच स्ट्रोक (प्रेसचा फटका) मारणाऱ्याचं लक्ष कधीतरी उडणारच. ते उडालं तरी हात वाचेल अशी सोय करणं हे मालकाचं काम. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ घेऊन ते होत नाही.

आधी स्वतः शॉपमध्ये फेरी मारा. दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून एकदम दाबायच्या दोन बटणांपैकी एक टेप लावून दाबून ठेवलंय का? गार्ड (हात आत जाऊ न देणारी जाळी किंवा झाकण) काढून भिंतीला टेकवलाय का? सापडलं तर ओरडू नका, ‘का काढलं?’ एवढंच विचारा. ‘गार्ड लावला की नग निघत नाहीत, साहेब,’ हेच उत्तर बहुधा मिळेल. मग गार्ड लावून तासाला किती नग निघतात ते घड्याळ लावून मोजा आणि टार्गेट त्यावरच ठरवा. पीस रेट (नगामागे मजुरी) असेल तर दरही वाढवा. खरा खर्च इथे आहे, म्हणूनच बहुतेक मालक पोस्टर लावून मोकळे होतात.

त्यानंतर प्रत्येक प्रेसचा क्लच, म्हणजे फिरत्या चाकाची ताकद प्रेसला जोडणारा-सोडणारा भाग, कोणता ते बघा. जुन्या प्रेसना बऱ्याचदा पिन क्लच किंवा ‘की’ (धातूची खुंटी) क्लच असतो. पेडल दाबलं की फेरा पुरा झाल्याशिवाय रॅम (वर-खाली होणारा भाग) थांबत नाही. अशा प्रेसला लाइट कर्टन (हात मध्ये आला की प्रेसला थांबायचा इशारा देणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावणं म्हणजे पैसे पाण्यात. हात आत गेल्याचं त्याला कळेल, पण प्रेस थांबणार नाही. तिथे डायभोवती (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याभोवती) फिक्स गार्डच हवा, ज्याच्या फटीतून पत्रा जाईल, बोट जाणार नाही. सुटे नग सरकत्या ट्रेने आत द्या. चिमटा जरूर वापरा, पण गार्डच्या बदल्यात नव्हे. ‘की’ किंवा स्प्रिंग झिजली की असा प्रेस आपोआप दुसरा स्ट्रोक मारतो. ‘डबल मारतोय’ असं ऑपरेटर म्हणाला की मशीन तिथल्या तिथे बंद, डिस्पॅच राहिला तरी चालेल.

न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचचा प्रेस मध्येच थांबवता येतो, म्हणून त्याला लाइट कर्टन चालतो, मात्र अंतर पाळून. हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. प्रेस थांबायला एकूण ०.२ सेकंद लागत असतील, तर कर्टन डायपासून किमान ४० सेंटीमीटर लांब हवा. थांबायचा वेळ मोजून घ्या, अंदाजाने धरू नका.

डाय बदलताना मेन स्विच बंद करून कुलूप लावायचं आणि किल्ली डाय बसवणाऱ्या सेटरच्या खिशात. मोटर बंद झाली तरी फ्लायव्हील (प्रेसचं जड चाक) बराच वेळ फिरत राहतं, ते थांबू द्या. मग रॅमखाली सेफ्टी ब्लॉक (तो खाली येऊ न देणारा ठोकळा) ठेवूनच हात आत घालायचा.

नवीन हेल्परला ‘बघून बघून शिकेल’ म्हणत पहिल्याच दिवशी प्रेसवर बसवू नका. त्याला समजणाऱ्या भाषेत शिकवा आणि त्याच्याकडून करवून घ्या. ‘शून्य अपघात’ म्हणून बक्षीसही नको, त्याने अपघात दडवले जातात. थोडक्यात वाचल्याचं येऊन सांगणाऱ्याला शाबासकी द्या.

कामगार कंत्राटदाराचा असला तरी ईएसआयची (कामगार राज्य विमा योजनेची) नोंदणी रुजू झाल्या दिवशीच झाली की नाही, ते स्वतः तपासा.

एवढं करूनही बोट तुटलंच, तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा. तुटलेला भाग ओल्या गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बर्फ त्या भागाला थेट लागू देऊ नका. तुटलेलं बोट जोडणारे सर्जन जवळच्या कुठल्या हॉस्पिटलात आहेत ते आजच विचारून घ्या आणि तिथला नंबर गेटवर लावा.