फसवणुकीत बुडालेली रक्कम : फिर्यादीपासून भरपाईच्या आदेशापर्यंत

तासगाव, मिरज, पलूस भागात द्राक्षमाल उचलून पैसे न देता व्यापारी पसार झाला की बागायतदार पोलीस ठाणे गाठतो, आणि गुन्हा नोंदला म्हणजे वसुली पोलीसच करून देतील, अशी त्याची समजूत असते. फौजदारी खटला मुख्यतः आरोपीला शिक्षा व्हावी म्हणून चालतो. भरपाई हवी असेल तर ती मागावी लागते आणि तिचा पाया फिर्यादीतच घालावा लागतो.

नुसती उधारी थकली म्हणजे फसवणुकीचा गुन्हा होत नाही. हेतू सुरुवातीपासूनच अप्रामाणिक होता हे दिसावे लागते; म्हणून व्यापाऱ्याने खोटे नाव वा पत्ता दिला असेल, त्याच सुमारास इतरांनाही असेच बुडवले असेल, तर ते फिर्यादीत स्पष्ट यावे. ‘लाखोंची फसवणूक’ असे मोघम न लिहिता तारीखवार वजन, ठरलेला दर, आगाऊ मिळालेली रक्कम आणि राहिलेली बाकी मांडावी, आणि सोबत वजनकाट्याच्या पावत्या, सहीची चिठ्ठी व बँकेचा खातेउतारा जोडावा. मोबाईलवरील संदेश पुसू नयेत. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, आणि तपासाची प्रगती 90 दिवसांत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम 107 फारसे कुणाला ठाऊक नसते. गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त करण्यासाठी तपास अधिकाऱ्याला पोलीस अधीक्षकांच्या मान्यतेने न्यायालयात अर्ज करता येतो, आणि पुढे न्यायालयाच्या आदेशानुसार जिल्हा दंडाधिकारी ती रक्कम बाधितांना वाटून देऊ शकतात. आरोपीचे खाते, वाहन, जमीन यांची माहिती मिळताच ती लेखी द्यावी आणि पोच घ्यावी; निकालापर्यंत थांबल्यास जप्त करण्यासारखे काही उरत नाही, हा नेहमीचा अनुभव आहे.

आरोपी दोषी ठरल्यास कलम 395 नुसार दंडाच्या रकमेतून, किंवा दंड नसेल तर स्वतंत्रपणे, भरपाईचा आदेश देता येतो. अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक फौजदारी प्रकरणात भरपाईचा विचार करणे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले आहे. तरीही हिशेबाचा तक्ता सरकारी वकिलांच्या हाती आपणच द्यावा.

चेक मिळाला असेल आणि तो न वटता परत आला असेल तर बँकेकडून तसे कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे न आल्यास पुढील महिन्याभरात परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेकसंबंधीच्या कायद्याच्या) कलम 138 ची तक्रार दाखल करावी. या प्रकरणात चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम (निकालाआधीची) भरपाई मिळू शकते. वसुलीच्या दिवाणी दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते आणि फौजदारी खटला चालू आहे म्हणून ती थांबत नाही. या एका गैरसमजापायी खऱ्या रकमाही कायमच्या बुडतात.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 खालील शासकीय भरपाई योजनेचा भर मृत्यू, गंभीर इजा, लैंगिक अत्याचार अशा गुन्ह्यांवर असल्याने व्यापारी फसवणुकीत तिच्यावर विसंबू नये. मात्र हल्ल्यात कमावता माणूस गेला वा जायबंदी झाला असेल, तर आरोपी सापडला नसतानाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तेथेच विचारावे. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

न्यायालयाचा भरपाईचा आदेश झाला पण रक्कम अपुरी वाटली, तर याच संहितेच्या कलम 413 च्या परंतुकानुसार पीडिताला त्याविरुद्ध स्वतः अपील करता येते.