पहिली रोड रेस: ताकद नको तिथे खर्च करू नका, या चुका टाळा

हौशी सायकल रेसमध्ये गटातून मागे पडलेल्यांशी बोललं की बहुतेक जण म्हणतात, “पाय कमी पडले.” माझं मत वेगळं आहे. पाय पुरेसे असतात, पण पहिल्या तासातच ते वाऱ्यावर उधळलेले असतात.

सपाट रस्त्यावर ताशी 35 ते 40 किलोमीटर वेगाने जाताना सगळ्यात जास्त मेहनत हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट करायचा तर हवेविरुद्ध जवळपास आठपट ताकद लागते. पुढच्या सायकलीच्या मागे नीट लागून चाललं तर हीच मेहनत साधारण पाव ते एक तृतीयांश कमी होते. तरीही भीतीपोटी नवखे स्वार दोन-तीन सायकलींचं अंतर सोडतात आणि दिवसभर एकटेच वारा खातात. अंतर कमी करण्याची सवय रेसच्या दिवशी लागत नाही, ती ओळखीच्या सोबत्यांबरोबर आधीच लावून घ्या. नजर पुढच्या चाकावर खिळवू नका. त्या स्वाराच्या खांद्यावरून पुढे पाहत राहा, म्हणजे गट मंदावतोय हे आधीच कळतं आणि ब्रेक दाबावा लागत नाही.

दुसरी चूक म्हणजे “शेपटाला आराम असतो” हा समज. वळणावर पुढचे वेग कमी करतात, बाहेर पडून पुन्हा जोर लावतात, आणि शेवटचा स्वार तेव्हा अजून ब्रेकच दाबत असतो. मग ती फट भरायला त्याला प्रत्येक वळणानंतर एक छोटी स्प्रिंट मारावी लागते. पन्नास वळणांचा रस्ता असेल तर हिशेब करून बघा! पहिल्या एक तृतीयांश गटात राहा. चढ सुरू होताना पुढे असाल तर थोडे घसरलात तरी गटातच राहता.

आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाशेजारी जाऊ देऊ नका. चाकं घासली की पडतो तो जवळजवळ नेहमी मागचाच. चढावर हे जास्त घडतं, कारण पेडलवर उभं राहताना जोर क्षणभर सुटतो आणि सायकल मागे येते. उभं राहण्याआधी एक गिअर जड करा आणि पेडलवरचा दाब सोडू नका. तुमच्या मागे कुणाचं तरी चाक आहे.

चेन पडली तर

चढाच्या तोंडाशी स्वार अजून मोठ्या चेनरिंगवर (पेडलजवळच्या मोठ्या दातेरी चक्रावर) असतो, पाय जड होतात, घाईघाईत पूर्ण जोरात लिव्हर दाबला जातो आणि चेन आतल्या बाजूला पडते. लगेच उतरू नका. मागे कोण आहे बघून कडेला या, पुढचा गिअर पुन्हा मोठ्या चेनरिंगवर घ्या आणि हलक्या पायाने पेडल फिरवा. बऱ्याचदा चेन आपोआप चढते. फ्रेममध्ये अडकल्यासारखं वाटलं तर मात्र जोर लावू नका, थांबून हातानेच काढा. मुळात चढ लागण्याआधीच गिअर बदला आणि पेडलच्या त्या अर्ध्या फेरीत पायाचा दाब सैल ठेवा.

मागच्या चाकाच्या मोठ्या दातेरी चक्रावर चेन चढायला कुरकुर करत असेल, तर डिरेलरवरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागावरचा) केबलचा ताण बदलणारा बॅरल अ‍ॅडजस्टर पाव फेरी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून बघा. पण नवी चेन जुन्या कॅसेटवर (मागच्या दातेरी चक्रांच्या संचावर) जोर पडताच उडत असेल, तर ती झीज आहे, कितीही फिरवाफिरवी करून जाणार नाही. नवे भाग रेसच्या आदल्या रात्री बसवू नका. आणि सायकल उजव्या बाजूला पडली असेल, तर सगळ्यात हलका गिअर टाकण्याआधी डिरेलर सरळ आहे ना ते तपासा. वाकलेला डिरेलर स्पोकमध्ये शिरला तर रेस तिथेच संपते.

हवा आणि खाणं

टायर दगडासारखे टणक म्हणजे वेगवान, हा समज आता सोडायला हवा. खडबडीत रस्त्यावर असं चाक उसळतं आणि पकडही जाते. 70 किलोच्या स्वाराला 28 मिलिमीटरच्या टायरमध्ये साधारण 65 ते 75 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) पुरतात. रिम हुकलेस (टायर धरून ठेवणारी आतली कड नसलेली) असेल तर 72.5 पीएसआयच्या वर जायचंच नाही, आणि रिम-टायरवर त्याहून कमी आकडा छापला असेल तर तोच पाळायचा.

भूक लागल्यावर खायला घेतलं तर उशीर झालेला असतो. पहिल्या अर्ध्या तासातच सुरुवात करा, दर तासाला 60 ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट घ्या. 90 ग्रॅम पचवायला पोटालाही सराव लागतो. नवं एनर्जी जेल रेसच्या दिवशी चाखू नका.

उतारावर टॉप ट्यूबवर (सीट आणि हँडलमधल्या फ्रेमच्या वरच्या नळीवर) बसणं विसरा. यूसीआयने (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने) 2021 मध्ये त्यावर बंदी घातली आहे. ब्रेक वळणाआधी दाबा, वळणात बाहेरच्या बाजूचं पेडल खाली ठेवा.

शेवटच्या स्प्रिंटमध्ये बहुतेक जण फार लवकर सुटतात. समोरून वारा असेल तर 200 मीटरसुद्धा लांब वाटतात, पाठीवर असेल तर थोडं आधी निघता येतं. सुटलात की आपली रेषा सोडू नका. आणि शेवटची रेषा ओलांडल्यावरही हात हँडलवरच ठेवा, अचानक ब्रेक लावू नका, मागून सगळा गट पूर्ण वेगात येत असतो.