अडलेला कोनसेट: हेडपाईपमधून वाटी कशी काढायची

मोटारसायकलचं पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. ते बरोबर मध्यावर येऊन अडल्यासारखं झालं, किंवा शॉकअपची खालची टोकं धरून पुढे-मागे ओढल्यावर टकटक लागली, की कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं तो वाट्या, कोन आणि छऱ्यांचा (बेअरिंगच्या गोळ्यांचा) सेट, बघायची वेळ झाली. नुसती टकटक असेल तर आधी आवळून बघता येतं. मध्यावरचा खटका मात्र आवळून जात नाही. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे छर्रे त्याच जागी हादरे खातात, तिथलं ग्रीस बाजूला सरकतं आणि वाटीत ओळीने खळगे पडतात. त्र्यंबक-इगतपुरीचा पाऊस आणि वॉशिंग सेंटरवर थेट हँडलखाली मारलेला प्रेशरचा पाईप, या दोन्हींनी आत पाणी जातं. ग्रीसचं आधी दुधाळ पीठ होतं आणि मग गंज. वाटी फ्रेमला चिकटते ती या गंजाने.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. वाटी बाजारात मिळते, ती ज्या नळीत बसते तो हेडपाईप मिळत नाही. तो फ्रेमचाच भाग आहे आणि पुष्कळ गाड्यांचा चेसिस नंबरही त्याच्यावरच ठोकलेला असतो. तिथे ग्राइंडर घसरला आणि दोन आकडे पुसले, तर गिऱ्हाइकाला नाशिकच्या पेठ रोडवरच्या आरटीओत चकरा. म्हणून काम सुरू करण्याआधी नंबर कुठे आहे ते बघा आणि त्यावर जाड टेप किंवा पत्र्याचा तुकडा लावा.

खोलण्याचं काम सरळ आहे. इंजिनाखाली जॅक लावून पुढचं चाक अधांतरी करायचं. हेडपाईपच्या भोकात पिन घालून उचलणारा स्टँड इथे चालत नाही, कारण तेच भोक मोकळं करायचंय. ब्रेकचा कॅलिपर त्याच्या पाईपवर लटकू देऊ नका, तारेने बांधा. शॉकअपच्या नळ्या वरच्या टीमधून (दोन्ही नळ्या धरणाऱ्या आडव्या तुकड्यातून) किती वर आल्या आहेत ते मोजून ठेवा, वायरिंगचा फोटो काढा. वरची टी निघाल्यावर खाचांची रिंग सी-पान्याने (खाचेत अडकणाऱ्या आकड्याच्या पान्याने) सोडवायची. छिन्नीने ठोकून सोडवली तर खाचा मरतात आणि पुढच्या वेळी पाना धरत नाही. रिंग सुटताना दुसरा हात खालच्या टीखाली हवाच. सुट्ट्या छऱ्यांचा सेट असेल तर खाली ट्रे ठेवा, वरचे आणि खालचे छर्रे वेगळे मोजा. कित्येक गाड्यांत ते पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमीचे असतात, पण वर-खाली संख्या किंवा माप वेगळं असू शकतं.

आता वाटी. हेडपाईपमध्ये बॅटरी मारून बघा, वाटीची आतली कड नळीच्या भिंतीपुढे डोकावते का. १ मिमी कड दिसली तरी काम होतं. काही फ्रेममध्ये समोरासमोर दोन खाचा दिलेल्या असतात, त्या पंचासाठीच. पंच १२ ते १६ मिमी जाडीचा, साधारण ३०० मिमी लांब आणि साध्या लोखंडाचा घ्या. जुना एक्सल कापून केला तरी उत्तम. टोक गोल नको, कडेला धार असलेलं सपाट हवं, कारण धरायला जागाच नखाएवढी असते. पितळेचा पंच इथे घसरतो. वरची वाटी खालून ठोकायची, खालची वरून. एक किलोची हातोडी पुरते. १२ वाजता एक ठोका, ६ वाजता एक, मग ३ आणि ९. एकाच बाजूला ठोकत राहिलात की वाटी तिरकी होऊन पाचर बसते आणि हेडपाईप लंबगोल होतो. तिरकी झालीच तर बाहेरच्या बाजूने मारून परत सरळ करा, मग पुन्हा सुरू करा. चार-पाच फेऱ्यांनंतर आवाज बदलतो. भरीव 'टण'चा पोकळ 'टक' झाला की ती हलली.

एवढ्यानेही हलली नाही, तर मोठा घण शोधायला जाऊ नका. धरून कशाने ठेवलंय ते बघा. गंज असेल तर बाहेरच्या कडेवरून गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा. उष्णतेबद्दल गैरसमज फार. लोखंडी फ्रेम आणि लोखंडी वाटी सारखीच फुगतात, त्यामुळे दोन्ही गरम झाल्या की फायदा शून्य. फ्रेम पटकन बाहेरून तापवली तरच थोडा फरक पडतो. ॲल्युमिनियम फ्रेम मात्र लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. ४७ मिमीच्या भोकात ८० अंश तापमान वाढलं तर वाटीच्या मानाने जवळपास ०.०४ मिमी मोकळीक मिळते. हीटगन वापरा, गॅसची ज्योत नको. रंग जळतो, वायरिंग जळतं आणि फ्रेमची ताकदही जाऊ शकते.

कड अजिबात नसेल, वाटी नळीला सपाट लागून बसली असेल, तर खात्रीचा उपाय वेल्डिंगचा. वाटीच्या आतल्या, छर्रे फिरतात त्या तोंडावर गोल टाका ओढायचा. वेल्ड थंड होताना आकसतं आणि वाटीला आत ओढतं. पुष्कळदा ती हाताने निघते, नाहीतर त्याच टाक्यावर पंच टेकवायला कड मिळते. २.५ मिमीचा रॉड, ७० ते ८० अँपिअर पुरे. पण त्याआधी: टाकी गाडीवरून उतरवून लांब ठेवा, बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) असेल तर त्याचा कपलर काढा. अर्थिंगचा चिमटा हेडपाईपजवळच लावा. इंजिन किंवा स्विंगआर्मला लावला तर करंट तिकडच्या बेअरिंगमधून जातो. ग्रीस पुसून घ्या, पण ब्रेक क्लीनरने नाही. क्लोरीनवाल्या क्लीनरवर आर्क पडला तर विषारी वायू होतो. टाका नळीला लागला तर वाटी कायमची बसली, म्हणून ज्याचा हात स्थिर त्यानेच हे करावं. नवख्याने आधी भंगारातल्या वाटीवर दहा टाके ओढावेत.

वेल्डिंग नसेल तर बारीक डाय ग्राइंडरने वाटीत समोरासमोर दोन चिरा पाडा. जाडीच्या दोन तृतीयांशावर थांबा, बाकीचं छिन्नीने फोडा. कडक पोलाद काचेसारखं तुटतं, चष्मा घाला.

खालच्या टीचा जो दांडा हेडपाईपमधून वर जातो, त्याच्यावरचा खालचा कोन वेगळी डोकेदुखी आहे. तिथे वेल्डचा टाका ओढून थंड होऊ दिलात, तर तो आकसून दांड्यालाच आवळतो. वाटीला जे औषध, ते इथे विष. दोन पातळ छिन्न्या समोरासमोर घालून कोन उचला, खालचं डस्ट सील गेलं तरी चालेल, ते नवं घालायचंच असतं. नाही उठला तर तिरकी चीर पाडून फोडा. चीर दांड्यापर्यंत नेऊ नका. आटे वाचवायला नट वर फिरवून ठेवा.

नवा सेट घेताना जुना घेऊन जा आणि व्हर्नियरने मापं घ्या. टेपर रोलर (छऱ्यांऐवजी निमुळते रोलर असलेलं बेअरिंग) बसवायचा असेल तर उंची तपासा. ३२००५ बेअरिंग २५ × ४७ × १५ मिमीचं असतं. मूळ सेटची उंची वेगळी असेल तर वरच्या नटाला आटे पुरत नाहीत किंवा खाली फट राहते. लेथवर वॉशर करून घ्यायला नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या टर्निंगवाल्यांकडे जाता येईल, पण मापं स्वतः काढून द्या.

बसवण्याआधी भोक साफ करून बारीक पॉलिश पेपर फिरवा, पंचाचे ओरखडे उंच राहिले असतील तर घासा. वाट्या रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्या तर ४७ मिमीत जेमतेम ०.०२५ मिमी आकसतात, तेवढंही पुरतं. एम १२चा आटेदार रॉड, जाड वॉशर आणि जुनी वाटी वापरून एकेक ओढून घ्या. जुनी वाटी आधी उभी चिरा, नाहीतर तीही नव्यासोबत आत अडकेल. तळाला टेकल्यावर ०.०५ मिमीची फिलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) कडेखाली जाता कामा नये.

लिथियम ग्रीस भरपूर लावा, छर्रे त्यातच चिकटवून ठेवा. सगळे बसल्यावर एका छऱ्यापेक्षा कमी जागा उरायला हवी. जास्त उरली तर एखादा ट्रेमध्ये राहिलाय किंवा फरशीवर गेलाय.

रिंग आधी थोडी जास्त आवळून हँडल पाच वेळा इकडून तिकडे फिरवा, म्हणजे सगळं जागेवर बसतं. मग सैल करून हलकी आवळा. आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचाच घ्या. वरचा नट आवळल्यावर पुन्हा तपासणी: चाक अधांतरी ठेवून हँडल मध्यापासून बोटाने ढकललं तर दोन्ही बाजूंना आपल्या वजनाने पडायला हवं, आणि पुढे-मागे टकटक नसावी. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबली ताणल्या असतील तर ही तपासणी फसवते, त्या आधी मोकळ्या करा. जास्त आवळलेल्या कोनसेटने गाडी कमी वेगात सापासारखी डुलते, आणि गिऱ्हाईक टायर बदलायला जातं. ५०० किलोमीटरनंतर गाडी परत बोलवा. वाट्या थोड्या बसतात आणि रिंग पाव आट्याहून कमी आवळावी लागते.