आईचे पैसे सांभाळताना: मोबदला कसा ठरवावा, हिशेब कसा ठेवावा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच घरांत हेच चित्र आहे. थोरला पुण्यात, धाकटा गोव्यात, आणि म्हाताऱ्या आईचं सगळं जवळ राहिलेली लेक किंवा सून बघते. पेन्शन काढायची, औषधं आणायची, सोसायटीतली ठेव रिन्यू करायची. वर्षानुवर्षं कुणी काही विचारत नाही. आई गेली की दिवसकार्य उरकायच्या आतच विषय निघतो, 'पैसे किती होते?' तेव्हा हातात वही नसेल तर जिनं सगळं केलं तिच्यावरच संशय येतो. म्हणून ही तजवीज आई धडधाकट असतानाच करायला हवी.

आधी यादी करा

आईला शेजारी बसवून येणारा प्रत्येक पैसा लिहून काढा. आपल्याकडे मराठा लाइट इन्फंट्रीमुळे लष्करी फॅमिली पेन्शनची घरं पुष्कळ आहेत. कुणाला ऊसबिल येतं, कुणाला संध्या सुरक्षा ही कर्नाटक सरकारची म्हातारपणाची पेन्शन, कुणाच्या खात्यावर सरकारच्याच गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० रुपये. गृहलक्ष्मीचे पैसे आईच्या नावावर येत असतील तर ते आईचे आहेत, घरखर्चात आपोआप धरायचे नाहीत. ठेवी लिहिताना बँक आणि सोसायटी वेगवेगळ्या लिहा. बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. क्रेडिट सोसायटीच्या ठेवीला तो नसतो. आयुष्यभराची पुंजी एकाच सोसायटीत असेल तर मुदत संपेल तशी थोडी थोडी बाहेर काढा.

अधिकार कागदावर घ्या

आईचं एटीएम कार्ड आणि पिन आपल्याजवळ ठेवणं सोपं वाटतं, पण तिनं तुम्हाला व्यवहाराचा अधिकार दिला होता हे त्यातून कुठंच सिद्ध होत नाही. बँकेत अर्ज देऊन खातं चालवण्याचा अधिकार, म्हणजे मँडेट, घ्या. खात्याला तुमचं नाव जोडण्यापेक्षा हे बरं, कारण जॉइंट खातं झालं की आईचे कुठले आणि तुमचे कुठले यावर भावंडांत वाद होतो. तुमचे स्वतःचे पैसे तर त्या खात्यात कधीच टाकू नका.

व्यवहार मोठे असतील तर मुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, करा. आपल्याकडे ते कन्नडात किंवा इंग्रजीत लिहिलं जातं आणि आईला त्यातलं एक अक्षर कळत नसतं. सहीआधी शब्दन् शब्द मराठीत सांगा आणि 'मजकूर मराठीत वाचून दाखवला, समजला' अशी ओळ कागदातच घालायला लावा. साक्षीदार घरातले नकोत. एक गोष्ट फार जणांना माहीत नसते: १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे आईची समज गेली की साधं मुखत्यारपत्र संपतं. त्यानंतर त्यावर सही करत राहिलात तर तुम्हीच अडचणीत याल. विसराळूपणा वाढू लागला की लगेच वकिलाला भेटा, कारण पुढचा रस्ता कोर्टातून जातो आणि तो लांबचा आहे.

मोबदला ठरवा, आणि मोकळेपणानं ठरवा

इथंच सगळं घोडं अडतं. 'पोटच्या पोरीला पगार देऊ काय गं मी?' असं आईच म्हणते. लेकीलाही मागायला नको वाटतं. मग ती न सांगता महिन्याला थोडे थोडे घेते, किंवा काहीच न घेता मनात कुढत बसते. माझं मत स्पष्ट आहे: नोकरी सोडून, शिवणकाम बंद करून जी आईजवळ राहते, तिला मोबदला मिळालाच पाहिजे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुसऱ्याचे व्यवहार बघणाऱ्याला ठरलेला मोबदला घेता येतो, हे करार कायद्यालाही मान्य आहे. फक्त तो आधी ठरलेला हवा.

रक्कम अशी काढा. समजा बेळगावच्या शहापुरात आईजवळ लेक राहते. बारा तासांची बाई ठेवायची तर किती पडतील हे दोन ठिकाणी विचारा. १५,००० सांगितले असं धरू. लेकीचे आईसाठी रोज पाच तास जातात, म्हणजे ६,२५० झाले. ती आईच्याच घरात भाडं न देता राहते. तिच्या वाट्याच्या खोलीचे २,५०० वजा करा. उरले ३,७५०. भावंडांनी बसून ४,००० ठरवले तर कुणालाच जड जाणार नाही. औषधं, रिक्षा, डायपर यांचा खर्च यात नाही. तो पावतीप्रमाणे वेगळा.

हे आईच्या तोंडून, सगळ्या भावंडांसमोर ठरू दे. पुण्याचा भाऊ व्हिडिओ कॉलवर चालेल. मग एका पानावर लिहा: काम काय, रक्कम किती, कधीपासून, दर वर्षी कोणत्या महिन्यात फेरविचार. सगळ्यांच्या सह्या घ्या. पैसे दर महिन्याला आईच्या खात्यातून तुमच्या खात्यात ट्रान्सफर करा, रोख घेऊ नका. मागच्या वर्षांचा मोबदला आता एकदम काढून घेऊ नका. तो हवा असेल तर भावंडांशी बोलून ठरवा.

वही

शाळेची दोनशे पानी वही पुरते. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. 'औषध ८४०' एवढं लिहून भागत नाही. '६ तारीख, बीपीच्या गोळ्या, ८४०, पावती १२' असं लिहा आणि पावतीवर तोच नंबर टाका. महिनाअखेरीला पासबुकाशी ताळा करा आणि पानाचा फोटो भावंडांच्या ग्रुपवर टाका. कुणी उत्तर दिलं नाही तरी टाका. नातवंडांना खाऊला दिलेले पैसेही लिहा, 'आईच्या सांगण्यावरून' असा शेरा मारून.

घर तुझ्या नावावर करते, असं आई म्हणाली तर

तोंडी शब्दावर मोबदला सोडू नका. मृत्युपत्र आई कधीही बदलू शकते. बक्षीसपत्रच, म्हणजे हयातीतच घर देऊन टाकण्याचा कागद, करायचं असेल तर आईला सांभाळण्याची अट त्यात लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम २३ प्रमाणे, ती अट मोडल्यास आईला ते रद्द करून घेता येतं. आईनं सगळं देऊन टाकून रिकामं बसावं, असं तिला कुणी सुचवत असेल तर त्याला थांबवा.

आणि उलट बाजू. तुम्ही लांब राहता आणि जवळचा भाऊ वही दाखवत नाही, आईला गोळ्या वेळेवर मिळत नाहीत, तर आधी घरात बोला. त्यानं भागलं नाही तर १४५६७ ही ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइन आहे. पोटगीसाठी आई असिस्टंट कमिशनरकडे अर्ज करू शकते. आपल्या जिल्ह्यात ही कार्यालयं बेळगाव, बैलहोंगल आणि चिकोडीला आहेत.

आई गेल्यावर तिच्या कार्डावरून एक रुपयाही काढू नका, अंत्यविधीसाठीसुद्धा नाही. मुखत्यारपत्र त्या क्षणी संपलेलं असतं. पेन्शनवाल्यांना आणि बँकेला लगेच कळवा. नॉमिनी तुम्ही असलात तरी ते पैसे वारसांसाठी तुमच्या हाती येतात, तुमचे होत नाहीत. अंत्यविधीचा खर्च आपल्या खिशातून करा, त्याच्या पावत्या वहीत लावा आणि वाटणीच्या वेळी तो आधी वळता करून घ्या.