डिजिटल खरखरीतून दूरचं एएम स्टेशन कसं काढायचं

उत्तर अमेरिकेत मिडियम वेव्हवर स्टेशनं 10 किलोहर्ट्झच्या अंतराने असतात. एचडी रेडिओ या डिजिटल प्रसारणाच्या हायब्रीड (नेहमीचं आणि डिजिटल एकत्र) पद्धतीत मूळ आवाज मधे राहतो आणि सर्वांत जोरदार डिजिटल पट्टे दोन्हीकडे साधारण 10 ते 15 किलोहर्ट्झवर पडतात, म्हणजे थेट शेजाऱ्यांच्या जागेत. 2007 पासून हे रात्रीही चालतं, आणि दूरची स्टेशनं तर रात्रीच येतात.

समजा 1030 किलोहर्ट्झवर जोरदार हायब्रीड स्टेशन आहे आणि तुम्हाला 1020 ऐकायचंय.

1. आधी खरखर कोणाची ते ठरवा. 1015–1020 आणि 1040–1045, दोन्हीकडे वाफेसारखा सलग "फस्स" आवाज हवा. रेडिओ फिरवल्यावर तो 1030 च्या आवाजासोबत कमी झाला तर डिजिटलच. नाही झाला तर घरातले एलईडी दिवे आणि चार्जर बंद करून पाहा.

2. साइडबँड, म्हणजे स्टेशनच्या वारंवारतेची वरची (यूएसबी) किंवा खालची (एलएसबी) बाजू, निवडा. इथे बहुतेक जण चुकतात. एरवी आपण जोरदार स्टेशनपासून लांबची बाजू घेतो, म्हणजे 1020 साठी एलएसबी. पण मुख्य पट्टा नेमका तिथेच, 1015–1020 मधे आहे! यूएसबी घ्या. त्या बाजूलाही डिजिटल असतं, पण बरंच कमजोर. फिल्टर 3 किलोहर्ट्झ किंवा त्याहून अरुंद ठेवा, नाहीतर 1030 चं बोलणं आत शिरतं. 1040 साठी हेच उलट, एलएसबी.

3. 1030 ची दिशा मारा, म्हणजे तिकडून येणारा सिग्नल बुडवा. फेराइट रॉडचं (रेडिओच्या आतल्या अँटेनाच्या दांडीचं) टोक स्टेशनकडे गेलं की सिग्नल सर्वांत कमी होतो. आधी 1030 वरच थांबा आणि स्पष्ट बोलणं बुडेपर्यंत रेडिओ अंशाअंशाने फिरवा. कानापेक्षा सिग्नल मीटरवर भरवसा ठेवा, कारण एजीसी (आवाजाची पातळी आपोआप जुळवणारं सर्किट) आवाज पुन्हा वर ओढतो. मग रेडिओ न हलवता 1020 लावा. रात्री आकाशलहरींमुळे (वातावरणाच्या वरच्या थरातून परतणाऱ्या लहरींमुळे) ही जागा सरकते, त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने पुन्हा जुळवावं लागतं. हवं ते स्टेशनही त्याच रेषेत असेल, अगदी विरुद्ध बाजूला असलं तरी, तर तेही बुडणार.

रॉड कमी पडला तर लूप अँटेना बांधा: 60 सेंटीमीटरची चौकोनी चौकट, 5 मिलिमीटर अंतराने 13 वेढे, 365 पिकोफॅरडचा व्हेरिएबल कपॅसिटर. वेढे एकमेकांना चिकटवले तर इंडक्टन्स वाढतो आणि 1700 किलोहर्ट्झपर्यंत ट्यूनिंग पोहोचत नाही.

1030 वर बोलणंच नसेल आणि 1020 ते 1040 सलग खरखर असेल, तर ते पूर्ण डिजिटल स्टेशन. याला 2020 मधे परवानगी मिळाली. तिथे मात्र जुनीच सवय बरोबर: 1020 साठी एलएसबी.