घरी गाडीचं काम करताय? या चुका टाळा

घरच्या घरी गाडीचं काम करताना काही करायचं राहून गेलं म्हणून जेवढं बिघडत नाही, तेवढं जास्तीचं केल्याने बिघडतं. बोल्ट अजून जरासा आवळला, ऑइल जरा वरपर्यंत ओतलं, चेन थोडी जास्त ताणली, की झालं.

सगळ्यात जास्त नुकसान ड्रेन बोल्टपाशी होतं. बोल्ट असतो स्टीलचा आणि तो जिथे बसतो ते चेंबर बऱ्याच इंजिनांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचं. लांब पाना घेऊन जोर लावला तर बोल्टला काही होत नाही, चेंबरचे आटे जातात. हे हाताला कळतं: जड होत चाललेला पाना अचानक हलका लागतो. तिथेच थांबा. आणखी फिरवून काही साधत नाही. बोल्टजवळ थेंब दिसला की लोक आधी पाना उचलतात, पण दोष अनेकदा दबलेल्या जुन्या वायसरचा असतो. तो दर वेळी नवा घाला. बोल्ट आधी बोटांनीच पूर्ण आत न्या. मध्येच अडला तर तो तिरका बसलाय, बाहेर काढून पुन्हा लावा. शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने (किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. फिरवून बसवायचा ऑइल फिल्टर बदलताना जुना रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिलेला नाही ना, हेही बघा. एकावर एक दोन रिंग बसले की इंजिन चालू करताच ऑइल जमिनीवर.

मोटारसायकलचं ऑइल साइड स्टँडवर मोजू नका. गाडी तिरकी असली की पातळी चुकते, आणि कमी दिसली की माणूस आणखी ओततो. जादा ऑइल क्रँकशाफ्टने (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याने) घुसळलं जातं आणि त्याला फेस येतो. फेसाने वंगण होत नाही. काही ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, एअर फिल्टरपर्यंतही पोचतं. गाडी सरळ उभी करा आणि डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) आटे लावून मोजायची की नुसती टेकवून, हे मॅन्युअलमध्ये पाहा. कारसाठी आणलेलं ऑइल मोटारसायकलमध्ये ढकलायचा मोहही टाळा. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जासो (JASO) या जपानी मानकाचं एमए किंवा एमए2 (MA, MA2) लिहिलेलं हवं. ऑइल बदलल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण गाडी पळत नाही, म्हणजे क्लच घसरतोय, असं झालं तर संशय आधी ऑइलवर घ्या.

आता चेन. ढिली चेन आवाज करते म्हणून सगळ्यांना दिसते, जास्त ताणलेली गप्प बसून बेअरिंग खाते. माणूस बसला की मागचं चाक वर सरकतं आणि चेन आणखी ताणली जाते. म्हणूनच तिला मुद्दाम ढील (वर-खाली हलण्याइतका सैलपणा) ठेवलेली असते, बऱ्याच गाड्यांना 20 ते 30 मिमी, काहींना त्याहून जास्त. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, त्यामुळे चाक फिरवत जिथे ती सर्वांत घट्ट लागेल तिथे ढील मोजा. ओ-रिंगची, म्हणजे कड्यांमध्ये छोट्या रबरी रिंग असलेली, चेन पेट्रोलने किंवा तारेच्या ब्रशने घासू नका. आणि इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसायची पद्धत कुठे बघितली असेल तर विसरा. फडकं ओढलं जातं, मागोमाग बोटं.

कारखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, जॅक स्टँड (गाडीचं वजन पेलणारे पक्के स्टँड) लावाच. चाकाचे नट गाडी उचलण्याआधी ढिले करा. बॅटरीची ऋण वायर आधी काढा आणि शेवटी जोडा, म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडणार नाही.

डिस्क ब्रेकचे पॅड बदलले की जागेवरच लिव्हर किंवा पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पॅड बसवताना ब्रेकचा पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या एक-दोन दाबांना ब्रेक लागतच नाही. तरीही स्पंजासारखा लागला तर लाइनमध्ये हवा आहे. ती काढल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

काम आटोपल्यावर मोटारसायकल चालूच होत नसेल तर इंजिन उघडायला धावू नका. किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच), साइड स्टँड, बॅटरीचे टर्मिनल, प्लगची टोपी आणि फ्यूज याच क्रमाने पाहा. प्लगची टोपी 'टक्' असा आवाज होईपर्यंत दाबायची असते. नुसती टेकवून ठेवली तर गाडी एक तर चालू होत नाही, किंवा होते आणि पहिल्याच खड्ड्यात बंद पडते.